दहावा बोल्ट

"अण्णा, इथं लोकांच्या शेडात न विचारता शिरायचं नसतं. गोळी घालतात."

"घालू दे की. आदी त्येला मी दिसाय पायजे. त्या शेडात हाताला हात दिसत न्हाई."

अण्णा पाटाच्या कडेला उकिडवे बसले होते. लेंगा गुडघ्याच्या वर खोचलेला, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात बरबटलेले, बाजूला फावडं. मी तणतणत होतो आणि ते पायाचा चिखल काडीनं खरवडत होते. चूक त्यांची असली की अण्णा नेहमी असं काहीतरी बारीक काम काढून बसतात.

मार्चातली सकाळ होती. आमची पाण्याची पाळी. अमेरिकेतलं हे चँडलर शहर दक्षिणेला जिथं संपतं, बंगल्यांची शेवटची रांग मागं पडून लसूणघासाची रानं लागतात, तिथं आमची दोन एकरांची पट्टी आहे. मी शहरात चिपा बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. दिवसभर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून धुळीच्या एका कणाला भ्यायचं, अशी नोकरी. आणि घरी आलं की धूळच धूळ. ज्ञानदा, माझी बायको, पुण्याची. ती म्हणते, गाव सोडून सात समुद्र ओलांडलेस आणि पुन्हा गावातच घर घेतलंस. खोटं नाही ते. कालव्याचं पाणी इथंही पाळीनं येतं, दार उघडून वाफ्यात घ्यावं लागतं, आणि पाळी चुकली की पंधरा दिवस रान करपतं. फरक एवढाच, की पाटकऱ्याऐवजी फोनवर मेसेज येतो.

गेल्या वर्षी आई गेली आणि अण्णा आमच्याकडं आले. सातारा जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपात त्यांनी चौतीस वर्षं फिटर म्हणून काढली. घरात सोफ्यावर बसवलं की ते पाहुण्यासारखे बसत. पाण्याच्या पाळीला मात्र माझ्या आधी उठून बांधावर हजर.

त्या दिवशी घुशीनं बांध पोखरल्याचं आमच्या ध्यानात आलं नाही. बांध फुटला आणि पाणी शेजारच्या ग्लेनच्या शेडात घुसलं. मी पाण्याचं दार बंद करायला पळालो, अण्णा थेट शेडात. जमिनीवरच्या वस्तू उचलून फळीवर ठेवायला लागले. कुणाच्याही घरात पाणी शिरलं तर आमच्या गावाकडचा माणूस हेच करील.

ग्लेन आला तेव्हा अण्णांच्या दोन्ही हातांत कॉफीचे दोन जुने डबे होते. ग्लेन सत्तरीचा, चाळीस एकर लसूणघासाचा धनी, उंच, वाकलेला. सहा वर्षांचा शेजार, पण हात वर करण्यापलीकडं आमचं बोलणं नव्हतं. तो दारातच थबकला. आत आला नाही. ओरडलाही नाही. हळू आवाजात एवढंच म्हणाला, "ते होते तिथं ठेवा."

इंग्रजीतलं बोलणं, पण अण्णांना बरोबर कळलं. त्यांनी डबे ठेवले आणि बाहेर आले. म्हणून माझी तणतण चालली होती.

"मोटारसायकल हाय आत," अण्णा काडी टाकून म्हणाले. "जुनी जपानी, दोन सिलेंडरची. ताडपत्रीखाली. अर्दी खोललेली. टाकी काढलीया, हेड काढलंय, आन सोडून दिलीया. बकरं सोलाय घ्यावं आन मदीच सोडून जावं, तशी."

"असू दे. आपल्याला काय करायचंय?"

"तसं कोन टाकत न्हाई रं," अण्णा म्हणाले आणि फावडं घेऊन उठले.

तिसऱ्या दिवशी ग्लेन आमच्या फाटकापाशी आला. टोपी हातात. ज्ञानदानं आत बोलावलं तर आला नाही. मला विचारलं, "तुझे वडील काय काम करायचे?"

मी सांगितलं. त्यानं अण्णांच्या हातांकडं पाहिलं. अण्णांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला नख नाही, आणि तळव्याच्या रेषांत जे काळं वंगण बसलंय ते आता सरणावरच जाईल. ग्लेनचेही हात काही वेगळे नव्हते.

"त्यांना विचार," तो म्हणाला, "ती गाडी खोलतील का. खोलून बघायचं, इंजिन कशानं धरलं, कशानं जाम झालं ते. आणि मला सांगायचं."

मी अण्णांना मराठीत सांगितलं. ग्लेनशी सगळं बोलणं असं माझ्यामार्फतच व्हायचं, तेव्हा मी अण्णांना सांगत गेलो तसंच इथं सांगतो.

"दुरुस्त करायची न्हवं?" अण्णांनी विचारलं.

"आधी कारण," ग्लेन म्हणाला.

*

कारण का हवं होतं ते त्यानं पहिल्याच शनिवारी सांगितलं. शेडाच्या बाहेर बादली पालथी घालून तो बसला, शेडाकडं पाठ करून. नऊ वर्षांत आत गेलो नाही म्हणाला. ताडपत्री घातली तेवढीच.

गाडी त्याच्या मुलाची. ट्रॅव्हिस नाव. बावीस वर्षांचा होता. बापलेकांनी मिळून इंजिनच्या रिंगा बदलल्या, दोन दिवस खपून. तिसऱ्या दिवशी पोरगं कालव्याच्या रस्त्यानं गाडी घेऊन गेलं. दोन मैलांवर, पाणी वळवायची काँक्रीटची दारं आहेत तिथं, इंजिन धरलं. मागचं चाक जागच्या जागी जाम झालं आणि पोरगं दाराच्या कठड्यावर फेकलं गेलं.

"मातीनंतर आठ दिवसांनी मी गाडी खोलायला घेतली," ग्लेन म्हणाला. "आमच्या हातून काय राहिलं ते बघायला. मग पुढं जमलं नाही."

एवढं सांगून तो उठला आणि रानात गेला. मी अण्णांकडं बघितलं. ते गाडीकडं बघत होते.

शेडाला पत्रा, बाजूनं जुन्या फळ्या. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या सळया आत आलेल्या, त्यांत धूळ तरंगत असायची. बाहेर वेड्या बाभळी. आपल्याकडं बांधाबांधानं माजल्यात त्याच जातीच्या. आल्या आल्या अण्णांनी ओळखल्या होत्या. वारा सुटला की त्यांच्या शेंगा पत्र्यावर खुळखुळायच्या. हँडलच्या एका मुठीवर हातमोजा तसाच राहिला होता. कातडं वाळून कडक झालेलं, पण बोटांचा वाक तसाच, मूठ धरल्यासारखा. अण्णांनी तो काढला नाही. तिकडून काम करायचं असलं तर वळसा घालून जात.

कॉफीच्या डब्यांवर चिकटपट्ट्या होत्या, त्यावर जाड पेननं लिहिलेलं.

"काय लिव्हलंय?" अण्णांनी विचारलं.

"एकावर 'डावं, डॅड'. दुसऱ्यावर 'उजवं, मी'."

"पोराचं अक्षर?"

"असणार."

डावा सिलेंडर बापानं केला होता, उजवा पोरानं. ज्याचं त्याचं सामान ज्याच्या त्याच्या डब्यात. अण्णांनी डबे फळीवर शेजारी शेजारी ठेवले. त्याच फळीवर गॅरेजात वापरतात तसल्या लाल फडक्यांचा गठ्ठा होता, आणि तिथंच एक पिवळा टी-शर्ट, अर्धा फाडलेला, कुठल्याशा शाळेच्या फुटबॉलच्या टीमचा.

मी कामावर गेलो की अण्णा एकटेच तिथं जात. धरलेल्या पिस्टनांवर डिझेल आणि तेल ओतून आठ दिवस मुरत ठेवलं. मग लाकडाचा ठोकळा धरून हलके हलके ठोके देत सिलेंडरचा ब्लॉक वर काढला. कार्बोरेटर उकळून साफ केले. टाकीतला गंज काढला. ठोके सुरू झाले की पलीकडच्या घराच्या स्वयंपाकघरातली पट्ट्यांची खिडकी हळूच उघडायची. ग्लेनची बायको मार्लीन तिथं उभी राहायची. ठोके थांबले की पट्ट्या मिटायच्या. अण्णांनी तिच्याकडं कधी मान वर करून बघितलं नाही. मला म्हणाले, "बाईच्या काळजावर घन पडत्यात. पर मला हळू मारता येत न्हाई."

एक दिवस जेवताना मधेच म्हणाले, "शंतनू, त्या शेडात येकटं बसवत न्हाई. पाठीमागं कुनीतरी हुबं ऱ्हातंय."

माझी पोरगी अनिका चौदा वर्षांची. ती चमच्यानं ताटात खेळत होती, ती थांबली. "Like a ghost, आजोबा?"

"न्हाई गं. भूत आसतं तर इचारलं आसतं, बाबा काय पायजे. कुनाचातरी सवाल हुबा हाय. त्यो काय बोलत न्हाई."

मला वाटलं, आई गेल्यापासून असं होतंय. पण अण्णा वाळत चालले होते. भाकरी अर्धी टाकत. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचं पॅन असतं. त्याचे बोल्ट दहा. नऊ बोल्ट ग्लेननं तेव्हाच काढून डब्यात टाकले होते. दहावा तेवढा जागेवर होता, बोटांनी फिरेल इतका सैल. इंजिन तेलावाचून धरलं असलं, तर कारण त्या पॅनमध्येच सापडणार, हे मला कळत होतं. अण्णांना तर पहिल्या दिवशीच कळलं असणार. तरी महिना झाला, ते सगळीकडं हात घालत होते, तिथं सोडून.

"अण्णा, तो बोल्ट?" मी विचारलं.

"हुईल."

"कधी?"

"हुईल म्हनलं न्हवं?"

*

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी त्यांनीच मला हाक मारली. "चल. येकट्यानं न्हाई काढायचं मी."

ऊन आतापासूनच मी म्हणत होतं. ग्लेन लांबच्या तुकड्यात घासाचे गठ्ठे बांधत होता, मशीनचा आवाज येत होता. आम्ही गाडी आडवी केली. अण्णांनी बोटांनीच बोल्ट फिरवला. पॅन निघालं. आत जळक्या तेलाचा डांबरासारखा थर होता. तेल वर ओढून घेणारी नळी असते, तिच्या तोंडाला जाळी. अण्णांनी ती चिमट्यानं सोडवली आणि उजेडाला धरली.

जाळीला कापड चिकटलं होतं. तळहाताएवढी चिंधी, शिजून काळी झालेली. अण्णांनी पेट्रोलात खळबळली. काळं सुटत गेलं आणि खालून पिवळा रंग वर आला. एका कोपऱ्याला छापील अक्षराचा तुकडा.

फळीवरचा टी-शर्ट आम्ही दोघांनीही बघितला. कुणाला काही सांगावं लागलं नाही. रिंगा बसवताना खालच्या खड्ड्यात बारीक सामान पडू नये म्हणून तोंडाला फडकं कोंबतात. काम झालं की काढतात. बाप लाल फडकी वापरत होता. पोरानं आपला जुना शर्ट फाडला होता. त्यातला एक तुकडा आत राहिला, पोटात गेला, तेलाच्या तोंडावर जाऊन बसला.

"पोराची हाय," अण्णा म्हणाले.

"मग आता?"

"सांगायचं. त्यासाठीच त्येनं खोलाय लावली. नऊ वर्सं त्येला वाटतंय, माज्या हातानं माजं पोर गेलं. त्येचा हात न्हवता. बाप सुटंल."

"अण्णा, बापाला जाऊन सांगायचं, तुझं पोरगं स्वतःच्या चुकीनं मेलं? हे सुटणं आहे?"

"जित्या मानसाचा फास काढाय पायजे. मेल्याला काय लागतंय?"

हे बोलले आणि त्यांचा हात तिथल्या तिथं थांबला. जाळी पेट्रोलात पडली. ते खाली बसले, सावकाश, जमीन कुठं आहे ते चाचपत. मी पाणी पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"काय झालं?"

"ह्ये माजं बोलनं न्हवं," ते म्हणाले. "ह्ये सायबाचं बोलनं हाय."

मग त्यांनी मला घाडगे ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. थोडी मला माहीत होती. मी तेव्हा आठ वर्षांचा. कारखान्याचा उसानं भरलेला ट्रक खिंडीच्या उतारावरून खाली गेला आणि घाडगे मेला. गावात म्हणायचे, गळ्यात माळ घालून चोरून प्यायचा. माहीत होतं ते एवढंच.

"आदल्या दिशी त्या ट्रकाचं ब्रेक मी केलंतं," अण्णा म्हणाले. "दांडीची पिन आसती. स्प्लिट पिन, तुज्या करंगळीयेवडी. तुजी आई आजारी हुती, मी घाईत हुतो. दुसऱ्या दिशी सांच्याला आंगूळीला कापडं काढली तर पिन खिशात. तवर घाडग्याला जाळून लोक घरला आलतं."

मी पाण्याची बाटली खाली ठेवली.

"सायबाला सांगाय गेलो. सायेब म्हनला, आरुन, तुला दोन पोरं हायती. घाडगे प्याला हुता आसं लिव्हू. मेल्याला काय लागतंय? सकाळी वास येत हुता म्हून तू सई कर." अण्णांनी तोंडावरून हात फिरवला, वंगण गालाला लागलं. "म्या केली. त्येच्या बायकूच्या म्होरनं रोज कामाला जायाचो. ती कुनालाबी शिव्या द्यायाची न्हाई, नवऱ्याला द्यायाची. हुबं ऱ्हाऊन आयकायाचो आन जायाचो."

बत्तीस वर्षं हे माणसानं पोटात ठेवलं होतं. आईला तरी माहीत होतं का, कुणास ठाऊक. आपलेच दात, आपलेच ओठ. मला त्यांचा राग यायला हवा होता, किंवा कणव. दोन्ही एकदम आलं आणि मधेच अडकलं. बाहेर बाभळीच्या शेंगा वाजल्या. मीही मागं वळून बघितलं.

थोड्या वेळानं अण्णा उठले. चिंधी कोरडी करून रिकाम्या पॅनमध्ये ठेवली. "त्येला बोलीव. आपन काय बोलायचं न्हाई. डोळं त्येला बी हायती."

*

ग्लेन आला. दाराच्या खांबापाशी थांबला, नेहमीसारखा. अण्णांनी पॅन उचलून दाखवलं नाही, नुसते बाजूला सरकले. मग ग्लेननं एक पाय आत टाकला, दुसरा टाकला, आणि गाडीपाशी येऊन गुडघ्यांवर बसला.

चिंधीला त्यानं बोट लावलं. मग मान वर करून फळीवरच्या दोन डब्यांकडं बघितलं, फाडलेल्या शर्टाकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याची खूण येईल म्हणून मी बघत होतो. ती आली नाही. उलट भीतीच आली. कुणी त्याच्याकडून काहीतरी हिसकावून घेईल असली भीती.

"हे माझं आहे," तो म्हणाला.

त्यानं पॅनवर हात ठेवला.

"माझी फडकी संपली होती. मी त्याच्याकडून हा तुकडा मागून घेतला. डाव्या बाजूला घातला. काढायचा मी विसरलो." माझ्याकडं वळला. "तुझ्या वडिलांना सांग. नीट सांग. ट्रॅव्हिस असल्या कामात चोख होता. मीच विसरलो."

लाल फडक्यांचा गठ्ठा त्याच्या डोक्याच्या वर, फळीवर होता. दुकानातून आणताना बांधलेली कागदी पट्टी अर्ध्यावर तशीच होती. निम्म्याहून जास्त फडकी वापरायची बाकी होती.

मी अण्णांना शब्दाला शब्द सांगितलं. अण्णांनी गठ्ठ्याकडं बघितलं, ग्लेनकडं बघितलं.

"त्येला म्हनावं, व्हय," अण्णा म्हणाले. "तुजीच हाय. खोलल्यावर मला बी तसंच दिसलं."

मी सांगितलं. ग्लेननं मान हलवली, दोनदा.

दारात सावली पडली. मार्लीन आली होती. बुटकी, पांढऱ्या केसांची, हात पिठाचे. नऊ वर्षांत ती शेडाच्या इतकी जवळ आली नव्हती, हे ग्लेनच्या दचकण्यावरून कळलं. तिनं पॅनमधला पिवळा तुकडा बघितला.

"मीच होतो, मार्लीन," ग्लेन म्हणाला.

"हा शर्ट मी सहा वर्षं धुतला," ती म्हणाली. मग पुढं होऊन तिनं नवऱ्याच्या दंडाला धरलं आणि त्याला उठवायला लागली. "बरं, ग्लेन. तू होतास. चल, ऊठ आता."

दोघं घराकडं गेले. अण्णा त्यांच्या पाठीकडं बघत उभे राहिले.

"बघितलंस?" ते म्हणाले. "मेल्याला लागतंय."

*

दुसऱ्या दिवशी ग्लेन सकाळीच शेडात हजर. म्हणाला, आता चालू करायची. तेव्हापासून दोघं म्हातारे बरोबर काम करायला लागले. त्यांना माझी गरज उरली नाही. अण्णा "पाना" म्हणत, ग्लेन पाना देई. ग्लेन काहीतरी इंग्रजीत पुटपुटे, अण्णा "व्हय व्हय, तसंच" म्हणत. शेजारच्या मेसा गावातल्या एका दुकानात सिलेंडर घासून आणले, वरच्या मापाचे पिस्टन पोस्टानं आले. पिस्टन बसवायच्या दिवशी अण्णांनी दोन लाल फडकी इंजिनाच्या तोंडांत कोंबली आणि ब्लॉक वर बसवण्याआधी बाहेर काढून दोन्ही ग्लेनच्या हातात दिली. ग्लेननं ती मोजली. मग परत मोजली. हातमोजा मात्र मार्लीननं स्वतः येऊन मुठीवरून काढला आणि घरात नेला.

जून निम्मा झाला. उष्मा असा, की दुपारी दाराची कडी धरवत नव्हती. त्या दिवशी चार वाजता इंजिन सुरू झालं. किकच्या पाच-सहा लाथांना नुसतं खोकलं, मग पेटलं. निळा धूर निघाला, हळूहळू पांढरा झाला, विरला. अण्णांनी पेचकस इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

"आवाज न्हाई," ते म्हणाले. "सोच्छ हाय."

ग्लेननं हेल्मेट घातलं. आम्हा कुणालाच ते अपेक्षित नव्हतं. मार्लीन फाटकापाशी होती, ती बाजूला सरकली. ग्लेन कालव्याच्या रस्त्याला लागला. आवाज लांब लांब जात राहिला.

तेवढ्यात ज्ञानदा ओरडली, "शंतनू, तिकडं बघ." दक्षिणेकडून धुळीची भिंत येत होती. आभाळाला टेकलेली, तपकिरी, आडवी पसरलेली. इथं उन्हाळ्यात अशी येते. आली की पाच पावलांवरचा माणूस दिसत नाही. भिंत कालव्याच्या त्याच टोकाकडून येत होती.

आणि गाडीचा आवाज थांबला.

दोन मैलांवरचा आवाज, वाऱ्यानं गेला असेल म्हणावं तर वारा तिकडूनच आमच्याकडं येत होता. अण्णांनी पेचकस हातात घट्ट धरला होता, तो खाली ठेवायचं त्यांना सुचेना. ओठ हलत होते. मी मोटार काढायला वळलो, तर मार्लीन म्हणाली, "थांब." माझ्याकडं न बघता.

धूळ आली. आधी वास, मग खडे, मग सगळं पिवळं, मग काळपट. बाभळी करकरा वाकल्या. ज्ञानदानं मला दोन पावलं मागं ओढलं, पण मार्लीन फाटक धरून तशीच उभी आणि तिच्या शेजारी अण्णा, डोक्याला पंचा गुंडाळून. दोघांना एकमेकांच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता. ती काहीतरी बोलत होती आणि अण्णा मान हलवत होते.

मग धुळीतून ठक-ठक-ठक असा आवाज आला. सावकाश, एका लयीत. दिवा दिसला, पिवळा, अंधूक. ग्लेन फाटकातून आत आला तेव्हा नखशिखान्त मातीचा झाला होता. गाडी उभी करून त्यानं हेल्मेट काढलं.

"दारांपाशी मीच बंद केली होती," तो म्हणाला. "जरा बसलो तिथं. मग धूळ आली. म्हटलं, आता ही चालू होते का बघू." त्यानं अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला. "पहिल्या लाथेला झाली."

मी अण्णांना सांगितलं. त्यांनी डोक्याचा पंचा सोडला. घरी येऊन अंघोळ केली, जेवले, पूर्ण भाकरी खाल्ली. मग म्हणाले, "घाडग्याच्या बायकूचा नंबर मिळंल का रं?"

*

चुलतभावाला विचारून मी नंबर मिळवला. सकाळी सातला लावला. तिकडं संध्याकाळचे साडेसात. अण्णांना ऐकू कमी येतं म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. सरलाबाई घाडगे आता कोरेगावला लेकीकडं असतात. मागं टीव्ही चालू होता.

"कोन बोलतंय?"

"वैनी, मी आरुन. वर्कशॉपातला फिटर."

"आगं बया. तुमी तर अमेरिकेत हाईसा म्हनं."

"व्हय." अण्णांनी टेबलाची कड धरली. "वैनी, घाडगे त्या दिशी प्याला न्हवता. ब्रेकाची पिन म्या लावली न्हवती. माज्या खिशात ऱ्हायलीती. वासाचं म्या खोटं सांगिटलं."

पलीकडं टीव्ही चालूच होता. मग कुणीतरी तो बंद केला. आम्हाला बाईचा श्वास ऐकू येत होता.

"बत्तीस वर्सं म्या त्येला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "माळ घालून प्याला म्हनलं. पोरी उघड्यावर टाकल्या म्हनलं. त्येच्या फोटूला हार न्हाई घातला म्या येक दिस. आता त्या शिव्यांचं काय करू, भावजी?"

"मला घाला."

मग तिनं घालायला सुरुवात केली. आधी आवाज बारीक होता, अडखळत होता. मग चढला. आयुष्यात मी ऐकल्या नाहीत असल्या शिव्या, अण्णांच्या हाताला, पोटाला, वंशाला, ज्या वंशात मीही आलो. मधे ती रडायची, दम घ्यायची, पुन्हा सुरू करायची. अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. प्रत्येक शिवीला "व्हय, वैनी" म्हणत होते.

अनिका दारात येऊन उभी राहिली. मी आवाज कमी करायला हात पुढं केला. अण्णांनी माझा हात बाजूला सारला आणि फोन आणखी जवळ ओढून घेतला.